टॉरॉस नावाच्या बैलाची गोष्ट

पोकेमॉन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पिवळा पिकाचू येणार, हे मला माहीत आहे. पण या लेखात पिकाचूला काम नाही. या लेखाचा हिरो एक बैल आहे. नाव टॉरॉस. अंग तपकिरी, मानेला आयाळ, शिंगं दोन, शेपट्या मात्र तीन, आणि चेहरा असा की सबमिशनच्या आदल्या रात्री कोणीतरी त्याची फाइल पळवली आहे!

हा बैल एके काळी या खेळातला सगळ्यात भारी गडी समजला जायचा. १९९६ च्या पहिल्या गेममध्ये त्याच्याशिवाय टीम काढणं म्हणजे जर्नलशिवाय ओरलला जाणं. मग १९९९ मध्ये पुढचा गेम आला आणि साहेब पहिल्या बाकावरून उठून मध्ये कुठेतरी जाऊन बसले. गंमत म्हणजे त्याची ताकद कमी केलेली नव्हती. वेगही कमी केलेला नव्हता. मग झालं काय?

हा प्रश्न मला नीट पडला तो माझ्या रूममेटमुळे. ती खेड तालुक्यातली, चाकणच्या पुढची. घरी दावणीला खिल्लार बैल, आणि आजोबांना बैलगाडा शर्यतीचा जुना नाद. एकदा रात्री मी लॅपटॉपवर टॉरॉस घेऊन खेळत होते. ती मागे येऊन बघत उभी राहिली आणि तिने पहिलाच प्रश्न विचारला, "कुठल्या घाटात पळतो गं हा?" मी खूप हसले. त्यानंतर ती जे बोलली ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. ते शेवटी सांगते. आधी टॉरॉस.

आधी खेळ समजून घेऊ

ज्यांनी फक्त कार्टून बघितलं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पोकेमॉनचे पहिले गेम, रेड आणि ग्रीन, जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ ला निन्टेन्डोच्या गेम बॉयवर आले. त्यात १५१ प्राणी होते. एकट्याने खेळताना प्राणी पकडत हिंडायचं. पण दोन गेम बॉय वायरने जोडले की दोन माणसं एकमेकांशी लढू शकत होती, आणि खरा खेळ तिथे सुरू होतो. प्रत्येकाने सहा प्राणी आणायचे. मैदानात एका वेळी प्रत्येकाचा एकच. प्रत्येक प्राण्याला फक्त चार डाव येतात. दोघांनी आपापला डाव निवडायचा, ज्याचा वेग जास्त तो आधी मारतो. समोरच्याचे सहाही आडवे झाले की आपण जिंकलो.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे टाइप. पाणी आगीला भारी, आग गवताला भारी, असं ते चक्र आहे. प्राण्याने स्वतःच्याच टाइपचा डाव टाकला तर त्याचा जोर दीडपट होतो. दुसरी गोष्ट म्हणजे क्रिटिकल हिट. अधूनमधून एखादा फटका असा बसतो की नुकसान जवळजवळ दुप्पट होतं. हे नशिबावर असतं. पण नशिबाची टक्केवारी काढायलाही एक फॉर्म्युला असतो, आणि आपला बैल मोठा झाला तो त्या फॉर्म्युल्याच्या जोरावर.

१९९६: राजा

टॉरॉसची मार्कशीट अशी आहे. एचपी ७५, अटॅक १००, डिफेन्स ९५, स्पेशल ७०, स्पीड ११०. नीट बघितलं तर एकाही विषयात तो टॉपर नाही. ऱ्हायडॉनचा अटॅक १३० आहे, जोल्टिऑनचा स्पीड १३० आहे, स्नोरलॅक्सचा एचपी तर १६०. म्हणजे आपला गडी सगळ्यात डिस्टिंक्शन, पण गोल्ड मेडल कशातच नाही. तरीही तो राजा होता. त्याची कारणं चार, आणि चारही त्या गेमच्या नियमांत लपलेली.

पहिलं कारण क्रिटिकल हिट. पहिल्या गेममध्ये क्रिटिकलची शक्यता प्राण्याच्या मूळ स्पीडवर ठरायची. स्पीडला ५१२ ने भागा, झालं. टॉरॉससाठी ११० भागिले ५१२, म्हणजे सुमारे २१.५ टक्के. दर पाच फटक्यांत एक फटका जवळजवळ दुप्पट! स्नोरलॅक्सचा स्पीड ३०, म्हणून त्याला ६ टक्केसुद्धा मिळत नव्हते. थोडक्यात, वेगवान प्राण्याला आधी मारायला मिळायचं आणि जोरातही मारायला मिळायचं. एकाच विषयाचे मार्क दोनदा धरल्यासारखं झालं हे.

दुसरं कारण हायपर बीम. हा १५० पॉवरचा डाव आहे. तो टाकला की पुढची पाळी दम खाण्यात जाते, ही त्याची किंमत. पण पहिल्या गेममध्ये एक पळवाट होती. समोरचा त्याच फटक्यात आडवा झाला तर दम खावा लागत नव्हता. टॉरॉस नॉर्मल टाइपचा, हायपर बीमही नॉर्मल टाइपचा, म्हणून जोर दीडपट. मग काय, आधी बॉडी स्लॅमने समोरच्याला अर्धमेला करायचं आणि हायपर बीमने संपवायचं. किंमत शून्य. बॉडी स्लॅमचीही एक खोड आहे. त्याने ३० टक्के वेळा समोरचा लुळा पडतो. लुळा पडला की त्याचा स्पीड एक चतुर्थांश होतो, आणि चारातल्या एखाद्या पाळीला त्याला हलताच येत नाही. फक्त समोरचाही नॉर्मल टाइपचा असेल तर पहिल्या गेममध्ये बॉडी स्लॅमने लुळा पडत नाही.

तिसरं कारण, नॉर्मल टाइपला अडवणारं जवळपास कोणी नव्हतं. फक्त रॉक टाइपवर तो अर्धा लागतो आणि घोस्टवर लागतच नाही. पण पहिल्या गेममध्ये घोस्ट टाइपचं एकच कुटुंब होतं, गॅस्टली, हॉन्टर आणि गेंगार. तिघेही अर्धे पॉइझन टाइपचे, आणि पॉइझनवर अर्थक्वेक दुप्पट लागतो. रॉकवरही अर्थक्वेक दुप्पट लागतो. टॉरॉसला अर्थक्वेक येत होता! म्हणजे दार अडवणाऱ्यासाठी बैलाच्या खिशात किल्ली आधीपासूनच तयार.

चौथं कारण ब्लिझार्ड. पहिल्या गेममध्ये स्पेशल हा एकच आकडा होता. जादूचा मारा करायचा तरी तोच, झेलायचा तरी तोच. टॉरॉसचा ७० म्हणजे काठावर पास. पण ब्लिझार्डची पॉवर १२०, नेम ९० टक्के, आणि ज्या गवती किंवा उडणाऱ्या प्राण्यांवर बाकीचे डाव नीट लागत नाहीत त्यांच्यावर बर्फ दुप्पट लागतो. शिवाय त्या गेममध्ये एकदा गोठलेला प्राणी आपोआप कधी सुटतच नव्हता.

झाले चार डाव: बॉडी स्लॅम, हायपर बीम, अर्थक्वेक, ब्लिझार्ड. पाचव्याची गरजच नाही. टॉरॉस, स्नोरलॅक्स आणि चॅन्सी हे त्रिकूट जवळपास प्रत्येक टीममध्ये असायचं. खेळायची रीतही ठरलेली. बैलाला सुरुवातीला बाहेर काढायचं नाही. बाकीच्यांनी आधी समोरच्यांना लुळं करून ठेवायचं आणि शेवटी दावं सोडायचं. दोन्हीकडचे टॉरॉस समोरासमोर आले तर स्पीड सारखा, मग आधी कोण मारणार हे नाणेफेकीवर. कित्येक मॅचेसचा निकाल अशा दोन बैलांच्या टकरीत लागलेला आहे.

हे आजही बघता येतं. पोकेमॉन शोडाउन नावाचा सिम्युलेटर ब्राउझरमध्ये फुकट चालतो आणि त्यात १९९६ चे नियम निवडून खेळता येतं. तिथे टॉरॉस आजही पहिल्या रांगेतच आहे.

१९९९: नियम बदलले

२१ नोव्हेंबर १९९९ ला जपानमध्ये गोल्ड आणि सिल्व्हर हे गेम आले. बनवणाऱ्यांनी पहिल्या गेममधल्या चुका काढायचं ठरवलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते बरोबरच होतं. पण एकेक चूक दुरुस्त होत गेली तसा बैलाचा एकेक पाय निखळत गेला.

क्रिटिकल हिटचं स्पीडशी असलेलं नातं तोडलं. आता सगळ्यांना सारखंच, साधारण सोळा फटक्यांत एक. टॉरॉसचे २१.५ टक्के थेट सातच्याही खाली आले. स्नोरलॅक्सचे मात्र उलट किंचित वाढले!

हायपर बीमची पळवाट बुजवली. समोरचा पडो न पडो, पुढच्या पाळीला दम खायचाच.

स्पेशलचे दोन भाग केले, मारायचा वेगळा आणि झेलायचा वेगळा. टॉरॉसला झेलायला ७० ठेवले आणि मारायला दिले ४०. ब्लिझार्डचा नेमही ९० वरून ७० टक्क्यांवर आला. म्हणजे चौथा डाव जवळजवळ बाद.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, स्टील हा नवा टाइप आला. स्टीलवर नॉर्मलचा फटका अर्धाच लागतो. त्यात स्कारमोरी नावाचा पोलादी पक्षी आला. तो उडतो, त्यामुळे त्याला अर्थक्वेक लागतच नाही. बैलाच्या खिशातली किल्ली या कुलपाला बसेना.

राज्य गेलं स्नोरलॅक्सकडे. स्पेशलचे भाग करताना त्याला झेलायचे ११० मिळाले, आधी एकूणच ६५ होते. त्यात लेफ्टओव्हर्स नावाची वस्तू आली. ती प्राण्याजवळ ठेवली की दर पाळीला एचपीचा सोळावा भाग भरून येतो. खेळ लांबला, सावकाश झाला. झटपट येऊन झटपट संपवणाऱ्यापेक्षा बसून राहणाऱ्याला भाव आला. टॉरॉस निरुपयोगी झाला असं नाही. चांगला खेळाडू त्याला अजूनही नीट वापरू शकत होता. पण त्याच्यावाचून टीमचं अडत नव्हतं.

आता लक्षात घ्या, अटॅक तेव्हाही १०० होता आणि नंतरही १००. स्पीड तेव्हाही ११०, नंतरही ११०. आपण हुशार, ताकदवान, वेगवान असे शब्द वापरतो तेव्हा ते त्या माणसाच्या किंवा प्राण्याच्या अंगात आहेत असं धरून चालतो. टॉरॉसने मला शिकवलं की त्यातला अर्धा भाग मैदानाचा असतो.

त्यानंतरची डागडुजी

पुढच्या गेम्समध्ये टॉरॉसला अधूनमधून काही ना काही मिळत गेलं. २००२ च्या रूबी आणि सफायरमध्ये प्रत्येक प्राण्याला एक अंगभूत गुण दिला गेला. टॉरॉसला मिळाला इन्टिमिडेट, म्हणजे तो मैदानात आला की समोरच्याचा अटॅक दोन तृतीयांशावर येतो. बैल समोर आल्यावर माणसाचं जे होतं तेच. गुण चांगला होता, पण तोवर त्याच्याहून दांडगे प्राणी खेळात आले होते. १५१ वरून संख्या ३८६ वर गेली होती. वर्गातली मुलं वाढली की रँक घसरणारच.

२०१० च्या ब्लॅक आणि व्हाइटच्या काळात त्याला शीअर फोर्स हा गुण मिळाला. ज्या डावाला मारण्याशिवाय एखादा जादा परिणाम असतो, तो परिणाम सोडून द्यायचा आणि बदल्यात ३० टक्के जास्त जोर घ्यायचा. यात एक गंमत आहे. बॉडी स्लॅमने लुळं पाडणं ही जुन्या टॉरॉसची ओळख होती. आता तीच खोड सोडली तर जोर मिळणार होता! लाइफ ऑर्ब नावाच्या वस्तूने मारा वाढतो, पण दर फटक्याला स्वतःचा एचपी थोडा जातो. शीअर फोर्सने वाढलेल्या डावाला तोही दंड माफ असतो. या जोडीवर बैल छोट्या मैदानांत पुन्हा चांगला पळाला.

२०१६ मध्ये निन्टेन्डोने पहिला गेम थ्रीडीएस या नव्या मशिनवर विकायला काढला, आणि २०१७ पासून त्यातले प्राणी नव्या गेममध्ये नेता येऊ लागले. असं नेलेल्या प्राण्याला आपोआप त्याचा दुर्मीळ गुण मिळायचा. त्यामुळे जुन्या गेममध्ये शिकलेला बॉडी स्लॅम आणि नव्या काळातला शीअर फोर्स एकाच टॉरॉसच्या अंगात आला. जुना पॅटर्नचा विद्यार्थी नव्या पॅटर्नमध्ये ॲडमिशन घेऊन पास झाला म्हणा ना!

आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये स्कार्लेट आणि व्हायोलेट आले. त्यातला प्रदेश स्पेनवर बेतलेला आहे, आणि स्पेन म्हटल्यावर बैल आलाच. तिथल्या टॉरॉसच्या तीन जाती आहेत, तिन्ही काळ्या. एक नुसती फायटिंग, एक फायटिंग आणि फायर, एक फायटिंग आणि वॉटर. अटॅक ११०, स्पीड १००. म्हणजे सव्वीस वर्षांनी का होईना, बैलाला नव्या मैदानासाठी नवं अंग दिलं गेलं.

जाता जाता एक माहिती. पोकेमॉन गो या मोबाइल गेममध्ये साधा टॉरॉस फक्त उत्तर अमेरिकेत फिरताना सापडतो. ज्या चाकणला जनावरांचा बाजार भरतो, तिथे अख्खा दिवस फोन घेऊन हिंडलात तरी हा बैल मिळणार नाही!

घाटातला बैल

आता रूममेटकडे येते. हे सगळं मी तिला त्या रात्री समजावून सांगितलं. मला वाटलं कंटाळेल. पण ती सगळं ऐकून म्हणाली, "आमच्या बैलाचं पण हेच झालं. त्याला काय झालं नव्हतं. नियमाला झालं."

आपल्या भागात राहणाऱ्यांना घाट म्हणजे काय ते सांगायला नको, पण बाहेरून आलेल्यांसाठी सांगते. खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या बाजूला बैलगाडा पळतो त्या चढाच्या धावपट्टीला घाट म्हणतात. एका गाड्याच्या पळण्याला बारी म्हणतात, आणि बारी सेकंदांवर मोजतात. गावच्या यात्रेत ज्याची बारी कमी सेकंदांची त्याचं नाव वर्षभर निघतं.

जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून खेळ दाखवण्यासाठी ज्यांना वापरता येत नाही अशा प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण मुंबई उच्च न्यायालयात ती अडकली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. आता चाबूक, काठी, विजेचा धक्का यांना मनाई आहे.

माझी रूममेट बंदीच्या विरुद्ध भाषण करत नव्हती, हे मुद्दाम लिहिते. ती म्हणाली, "शेपटी पिरगाळायचे, मारायचे, ते खोटं नाही. काही लोकांनी लई वाईट केलं. आमचे आजोबा हात लावत नव्हते, पण कायदा एकेकाला बघून करता येत नाही ना." १९९९ च्या गेममधली दुरुस्तीही अशीच होती. चूक काढणं बरोबरच होतं. फक्त बैलाला ते कोणी विचारलेलं नव्हतं.

बंदी आली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि त्यांचा बैल सहा वर्षांचा, ऐन भरात. पहिल्या वर्षी आजोबा त्याला रोज फिरवायला न्यायचे, खुराक चालू ठेवायचे, कारण पुढच्या यात्रेला नक्की सुटेल असं सगळे म्हणत होते. मग दुसरं वर्ष गेलं, तिसरं गेलं. गावात काहींनी बैल बाजारात नेले. आजोबांनी नेला नाही. शर्यतीच्या बैलाला औताची सवय नसते, त्यामुळे तो नुसता दावणीला असायचा. पोळ्याला शिंगं रंगवायची, झूल घालायची, एवढंच.

डिसेंबर २०२१ मध्ये टीव्हीवर बातमी आली तेव्हा गावात फटाके वाजले. बैल तेरा वर्षांचा झाला होता. आजोबा गोठ्यात गेले, त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "तुझी बारी राहिलीच रे." नंतर त्यांनी नवा खोंड घेतला. तो आता पळतो. जुना बैल दोन वर्षांपूर्वी गेला.

हे सांगून ती झोपली. मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. टॉरॉसचं बरं आहे. १९९६ चे नियम एका बटणावर परत मिळतात आणि तो पुन्हा २१.५ टक्के क्रिटिकल घेऊन उभा राहतो, आहे त्याच वयाचा. खिल्लार बैलाला भराची वर्षं थोडीच असतात. नियम परत आले तरी ती वर्षं परत येत नाहीत.

मित्र-मैत्रिणींनो, आपलंही चार वर्षांचंच घाट आहे. इथे कोणी २०१९ पॅटर्नचं, कोणी २०२४ पॅटर्नचं. कोणाचे विषय मध्येच बदलले. माझ्या ओळखीची एक सीनियर लेथवर अशी बसायची की लॅब असिस्टंट काका बाकीच्यांना तिच्याकडे पाठवायचे. पण कॅम्पसला आलेल्या एका कंपनीची अट होती साठ टक्के थ्रूआउट, आणि बारावीला तिचे दोन टक्के कमी पडलेले. ती परीक्षेलाच बसू शकली नाही. नियम असायलाच हवेत, त्याशिवाय हजार मुलांतून निवडणार कशी? मात्र कोणी मागे पडलेलं दिसलं की लगेच "त्याच्यात दम नाही" असं म्हणायच्या आधी एकदा मैदान कुठलं आहे ते बघावं. आणि नियम करणारे सर, मॅडम हा लेख वाचत असतील तर एक नम्र विनंती, नियम बदलताना दावणीला कोण बांधलेलं आहे तेही एकदा बघून घ्यावं.

असो. लेख लांबला. ज्यांना टॉरॉस शिकायचा असेल त्यांनी रात्री जेवणानंतर लेडीज होस्टेलच्या रीडिंग हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन यावं. रूममेटही आता खेळायला लागली आहे. तिच्या टीममध्ये टॉरॉस असतोच, आणि ती त्याला शेवटपर्यंत राखून ठेवत नाही. पहिल्याच पाळीला सोडते. मी तिला दहा वेळा सांगितलं की हे चूक आहे, बैल शेवटी काढायचा असतो. ती म्हणते, "त्याची बारी आधी होऊ दे."